वहाण किती दिवस टिकावी?

मंडळी, आज एका साध्या प्रश्नाने सुरुवात करतो. तुमच्या पायांत या घटकेला जे काही आहे, ते तुम्ही कधी घेतले? आणि त्याच्या आधीचा जोड कुठे गेला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चटकन येईल. दुसऱ्याचे येणार नाही. तो उकिरड्यावर गेला, ओढ्यात गेला, की माळ्यावर तुटक्या पट्ट्यासकट पडून आहे, हे कोणी लक्षात ठेवीत नाही. आपल्या पणजोबांना हाच प्रश्न केला असता, तर त्यांनी मागच्या वहाणेचा तळ कोणत्या साली बदलला आणि तिचे कान कोणी शिवले, हेसुद्धा सांगितले असते.

हा फरक कशाने पडला? "पूर्वीची माणसे चांगली होती, माल चांगला होता," एवढे म्हणून गप्प बसणे मला पटत नाही. माल चांगला असायला काही कारण होते. ते कारण गेले, तसा मालही गेला. ते कारण काय होते हे एकदा कळले, की बाजारात वहाण किंवा बूट हातात घेऊन काय पाहायचे, हेही आपोआप कळेल.

आधी माझी फजिती सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात, स्टेशनाजवळच्या दुकानातून मी चामडी बूट घेतले. दिसायला देखणे, चकचकीत, आणि किंमतही अशी की घरी सांगायला संकोच वाटावा. पहिल्याच वळवाच्या पावसात एका बुटाचा तळ सुटून जिभेसारखा लोंबू लागला. आमच्या गावच्या बाजारात पिंपळाखाली एक म्हातारे कारागीर बसतात, त्यांच्याकडे तो नेला. त्यांनी रापीच्या टोकाने तळ जरा उचलला, आत पाहिले आणि हसले. म्हणाले, "मास्तर, ह्यो तळ न्हाई, पुठ्ठा हाय. पोरांच्या वहीला असतोय तसला." खरेच, आत भिजलेला पुठ्ठा होता. मी विचारले, "शिवून द्याल का?" ते म्हणाले, "शिवू कशाला? टाका धरायला काय तरी नगं?"

टाका धरायला काहीतरी लागते. हे वाक्य ध्यानात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता गावगाड्याकडे वळू. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली निघाले. शिक्षक मंडळींपैकी अनेकांनी ते वाचले असेल. बारा बलुतेदारांत चांभार एक. त्याने कुणब्याच्या वहाणा शिवायच्या, आसूड करायचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मोट सांभाळायची. आजच्या मुलांना मोट चित्रातच दाखवावी लागते. एका मोटेला मोठ्या जनावराचे अख्खे कातडे लागे. नाडा आणि सोंदूर लावून बैल ती विहिरीतून ओढीत. मोटेला भोक पडले तर ऐन उन्हाळ्यात ऊस वाळायचा. म्हणून सुगीला खळ्यावर धान्याची रास पडली, की त्यातून चांभाराचा वाटा निघे. रोख पैशाचा व्यवहार फारसा नव्हता. गावोगावी रीत निराळी होती. कुठे नवा जोड बलुत्यात येई, कुठे कातडे कुणब्याने द्यायचे आणि शिलाई बलुत्यात, कुठे नव्या जोडाचे वेगळे काही द्यायचे. पण तुटले-फाटले शिवून देणे, डागडुजी करणे, हे बहुतेक ठिकाणी वर्षाच्या बलुत्यातच धरलेले असे.

आता यातली गोम पाहा. वाटा वर्षाचा ठरलेला, वहाण एकदा तुटली काय किंवा पाच वेळा तुटली काय. म्हणजे कच्ची वहाण केली तर ती पुन्हा पुन्हा शिवायला कोणाला बसावे लागणार? करणाऱ्यालाच, आणि तेही वेगळा दाणा न मिळता. साहजिकच वहाण मुळातच पक्की करण्यात त्याचे हित होते. जो विकतो त्याच्याच गळ्यात दुरुस्ती असली, की माल आपोआप टिकाऊ होतो.

पुढे रोखीचा बाजार आला. तालुक्याला दुकान झाले. दुकानदाराने जोड विकला, पैसे घेतले, संबंध संपला. आता जोड लवकर झिजला तर नुकसान कोणाचे? घेणाऱ्याचे. आणि फायदा? पुन्हा विकणाऱ्याचा. मी कोणा दुकानदाराला वाईट म्हणत नाही. हिशेबाचे पारडे इकडून तिकडे गेले, एवढेच सांगतो.

पण थांबा. हे ऐकून कोणाला वाटेल, की बलुत्याचे दिवस काय सुखाचे होते! हा समज मी इथेच खोडून काढतो. कुणब्याची वहाण पक्की होती, ती कोणाच्या जिवावर? चांभाराला "नाही" म्हणण्याची सोय नव्हती. पीक बुडाले तर त्याचा वाटा बुडे. पाटलाची मर्जी फिरली तर वाटा आखडे. आणि ज्याने अख्ख्या गावाच्या पायांना वहाणा घातल्या, त्या समाजांतल्या माणसांना कित्येक गावांत वरच्या आळीतून जाताना स्वतःच्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. "पायातली वहाण पायातच बरी" अशी एक म्हण आपण सहज बोलून जातो. कोणाला उद्देशून बोलतो, याचा एकदा विचार करा. त्या म्हणीत वहाणेलाही कमी लेखले आहे, ती करणाऱ्यालाही, आणि बहुतेक वेळा घरच्या लक्ष्मीलाही.

शिवाय चांभाराच्या हाती कातडे येण्याआधी आणखी दोन हात त्याला लागलेले असत. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम महारांच्या माथी मारलेले होते. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाचे. १९२७ सालच्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडा, ही लाजिरवाणी राहणी सोडा, असे आपल्या लोकांना कळकळीने सांगितले. त्यानंतर अनेक गावांत महारांनी ढोरे ओढण्याचे काम टाकले आणि त्यापायी बहिष्कारही सोसला. कोल्हापूर संस्थानात त्याआधीच, १९१८ साली, शाहू छत्रपतींनी बलुतेदारीची सक्ती काढून टाकली होती. ज्याला जो धंदा करावासा वाटेल तो करावा, असे त्यांचे धोरण. म्हणून मी म्हणतो, की बलुते गेले याचे दुःख करायचे कारण नाही. बलुत्याबरोबर दुरुस्तीची जबाबदारी मात्र कोणाच्याच अंगावर राहिली नाही, ती गोष्ट वेगळी.

आता कातड्याकडे येऊ, कारण वहाणेची किंमत खरी तिथे ठरते. ताजे कातडे दोन दिवसांत कुजते. ते कुजू नये, पाण्याने फुगू नये आणि वाळल्यावर लाकडासारखे कडक होऊ नये, म्हणून कमवावे लागते. आपल्याकडची जुनी रीत अशी. कातडे मिठात ठेवायचे. मग चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजवायचे, म्हणजे केस सुटतात. ते खरवडायचे, आतल्या बाजूचे मांस तासायचे, पुन्हा पुन्हा धुऊन चुना काढायचा. मग बाभळीची साल आणि हिरड्याची पूड यांच्या पाण्यात ते मुरवायचे. यातली एक रीत तर पाहण्यासारखी असते. कातडे चहूबाजूंनी शिवून त्याची पखालीसारखी पिशवी करायची, तिवईला टांगायची, आत सालीचे पाणी भरायचे. पाणी कातड्यातून हळूहळू पाझरते, खाली जमते, ते पुन्हा वरून ओतायचे. मग पिशवी उलटी टांगायची आणि पुन्हा तेच. सगळे मिळून महिनाभर तरी जातो. घाई केली तर बाहेरून कमावलेले आणि आतून कच्चे, असे कातडे होते. त्याचा तळ घातला तर पहिल्या चिखलात सडतो.

तेव्हा चांगल्या वहाणेच्या किमतीत निम्मी किंमत दिवसांची असते, असे म्हटले तरी चालेल. चामडे, शिलाई, नक्षी हे सगळे डोळ्यांना दिसते. तो महिना दिसत नाही.

या कामाला मान देणाऱ्या कथाही आपल्या मुलखात आहेत. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांच्या भोवती जे शरण जमले, त्यांत हरळय्या चांभार होते आणि कक्कय्या ढोर होते. हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पादत्राणे केली, अशी कथा सीमाभागात घरोघर सांगतात. ढोर समाजाचे लोक आजही आपल्याला कक्कय्या समाज म्हणवून घेतात. कोल्हापुरी वहाणेचा इतिहास थेट त्या काळापर्यंत नेणारे लोक भेटतात. मी जरा सावधपणे बोलतो. चामडे मातीत टिकत नाही, आणि आठशे वर्षांपूर्वीचा जोड कोणी जपून ठेवलेला नाही. पण कृष्णा, पंचगंगा आणि घटप्रभेच्या मुलखात कमावणारे, शिवणारे आणि चालणारे हे तिघेही फार जुने, यात शंका नाही. म्हणूनच वहाणांची नावेसुद्धा गावांवरून पडली. कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीची ती 'कापशी'. त्याशिवाय पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी अशी आणखी नावे. कृष्णेपलीकडे अथणी हे तेवढेच नावाजलेले गाव.

या जुन्या वहाणा नाजूक नव्हत्या बरं का! तीन-चार पदरी तळ, एकेक जोड वजनाला भक्कम, काट्याकुट्यातून आणि ढेकळांतून चालायला केलेला. चालताना करकर आवाज व्हायचा. रात्री पिकाला पाणी धरायला गेलेल्या माणसाच्या पायांखालचे जनावर त्या चाहुलीने बाजूला होई, असे जुने लोक सांगतात. हलकी, कानांची, शहरी पायाला शोभणारी चप्पल पुढे आली. १९२० च्या सुमारास ती मुंबईच्या दुकानांत गेली आणि तिथून 'कोल्हापुरी' या एका नावाने देशभर झाली.

आता बुटांची हकीकत. बूट आपल्याकडे आला तो पलटणीबरोबर. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोठे सैन्य ठेवायचे होते. त्याला खोगीर, पट्टे आणि बूट हवे होते, आणि दरवेळी ते विलायतेहून आणणे परवडत नव्हते. म्हणून १८६० नंतरच्या दशकात कानपूरला सरकारी खोगीर-कारखाना निघाला, आणि १८८० च्या सुमारास कूपर ॲलन कंपनीने तिथेच पलटणीचे बूट करायला घेतले. कानपूरच का? कारण त्या मुलखात बाभळी भरपूर! साहेबाचा बूट आणि आपल्या कुणब्याची वहाण, दोघींचे कातडे एकाच झाडाच्या सालीत मुरत होते. १९१४ च्या महायुद्धात सातारा आणि कोल्हापूरकडची कितीतरी पोरे पलटणीत गेली. परत आलेल्या शिपायांचे लोखंडी नाल ठोकलेले बूट कित्येक घरांत पुढे शेतातल्या कामाला वापरले गेले.

या सुमाराला कातडे कमावण्याची दुसरी रीत पुढे आली. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ नावाच्या माणसाने क्रोमियम या धातूच्या क्षारांनी कातडे कमावण्याची युक्ती शोधून तिचे हक्क घेतले. सालीने महिना लागतो ते काम क्रोमने काही दिवसांत होऊ लागले. आपल्याकडे मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्याने १९०३ च्या सुमारास त्याचे प्रयोग केले. गंमत पाहा, त्याने हे नवे चामडे पहिल्यांदा कशासाठी वापरायला घेतले? मोटेसाठी! सालीचे चामडे सतत पाण्यात राहिले की त्यातला कस उतरतो. क्रोमचे चामडे पाण्याला पुष्कळ दाद देत नाही. म्हणून मी कोणाला "क्रोम वाईट, साल चांगली" असे सरसकट सांगणार नाही. क्रोम मऊ, लवचीक, ओल सोसणारे. सालीचे घट्ट, जाड, पायाच्या आकाराला बसणारे, घासले तरी लवकर न झिजणारे. बुटाच्या वरच्या भागाला क्रोम उत्तम, तळाला सालीचे उत्तम. क्रोमचे सांडपाणी नीट साफ न करता ओढ्या-नाल्यांत सोडले तर जमीन आणि विहिरी नासतात, हे मात्र विसरून चालणार नाही. कानपूरजवळ गंगेकाठच्या गावांनी ते भोगले आहे.

१९३१ साली बाटा कंपनीने बंगालमध्ये कोन्नगरला कारखाना घातला, पुढे बाटानगर वसवले, आणि कापडी व रबरी जोडा स्वस्तात खेड्यांपर्यंत पोचला. हे बरे झाले की वाईट? ज्या पोरांचे पाय आयुष्यभर उघडे राहायचे त्यांच्या पायांत काहीतरी आले. बरेच झाले. पण त्याबरोबर वहाण म्हणजे शिवून वापरायची वस्तू, ही कल्पना हळूहळू सुटली.

मग आज घ्यायचे काय आणि पाहायचे काय? कोल्हापुरी वहाण असेल तर आधी ती उलटी करा. कडेने तळाचे पदर मोजता येतात का? ते चामड्याच्याच वादीने शिवले आहेत का? खऱ्या जुन्या रीतीत खिळा नसतो. कान तळाच्या दोन पदरांच्या मध्ये घेऊन शिवलेले असावेत, नुसते वरून चिकटवलेले नसावेत. नाकाशी धरा. बाभळीचे कातडे ओल्या सालीसारखे, जरा उग्र वास देते. नुसता डिंकाचा किंवा रॉकेलसारखा वास आला तर बाजूला ठेवा. अंगठ्याला आणि पट्ट्याला जरा घट्टच घ्या, कारण चामडे सैल होते. पहिल्या दिवशी मऊ वाटणारी वहाण चार महिन्यांनी पायातून निसटते. वेणी आणि नक्षी शेवटी पाहा. ती वेणी बहुधा घरातल्या बाईने गुंफलेली असते आणि हिशेबात तिची मजुरी सगळ्यांत कमी धरलेली असते. ते कौशल्य मोठेच, पण वेणीने तळ टिकत नाही.

बूट असेल तर दोन गोष्टी पाहा. पहिली, वरचे कातडे. जाड कातडे यंत्राने चिरून त्याचे दोन-तीन पापुद्रे काढतात. केसांच्या बाजूचा वरचा पापुद्रा सर्वांत बळकट असतो. खालचा ठिसूळ, पण त्यावर रंगाचा थर चढवला की दिसायला जुळा भाऊ. अंगठ्याने दाबून वाकवा. बारीक सुरकुत्या पडून परत गेल्या तर वरचा पापुद्रा, तडकल्यासारखी एकच रेघ उमटली तर रंगाचा थर. अगदी चकचकीत आणि एकसारखे कातडे दिसले की मला आता धाकधूक वाटते. गोचिडीच्या चाव्याचा डाग, काट्याचा ओरखडा हे खऱ्या कातड्यावर असायचेच. दुसरी गोष्ट, तळ. चिकटवलेला आहे, की वरचे कातडे आणि तळ यांच्यामध्ये चामड्याची पट्टी घालून शिवलेला आहे? शिवलेला तळ झिजला तर उसवून नवा घालता येतो. चिकटवलेला सुटला की बहुतेक वेळा बूटच गेला. म्हाताऱ्या कारागिरांचे तेच वाक्य, टाका धरायला काहीतरी हवे.

गुरुजन हो, वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग सांगतो. बाजारातल्या कारागिराकडून कातड्याचे दोन निरनिराळे तुकडे मागून आणा. तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका आणि त्यात गंजका खिळा ठेवा. काही वेळाने उचला. साल-हिरड्याचे कातडे असेल तर काळा डाग पडेल, नुसते क्रोमचे असेल तर तसा पडणार नाही. कारण साधे आहे. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून लिहायची शाई करीत, ती याच नियमाने. दुसरा प्रयोग स्वतः करून दाखवा, मुलांना विस्तवाजवळ जाऊ देऊ नका. छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाका. सालीचा तुकडा आखडून वाकडा होईल. चांगला क्रोमचा तुकडा जवळजवळ तसाच राहील. मुले हा प्रयोग विसरत नाहीत. आणि मग एखादा पोरगा विचारतोच, "म्हणजे बाबांची वहाण चुलीपाशी वाळवू नये ना?" नाही वाळवू. सावलीत, वाऱ्याला, कागद कोंबून वाळवावी आणि वाळल्यावर एरंडेलाचा हात द्यावा. भर पावसात कोल्हापुरी घालूच नये. चार महिने तिला खुंटीवर सुट्टी द्यावी.

टिकाऊपणाचा एक दाखला मला फार आवडतो. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना गांधीजी चपला शिवायला शिकले. त्यांचे मित्र कालेनबाख ते काम एका ख्रिस्ती मठात शिकून आले होते आणि त्यांनी ते इतरांना शिकवले. ज्या जनरल स्मट्स यांनी त्यांना तुरुंगात घातले, त्यांच्यासाठी गांधीजींनी चपलांचा जोड केला आणि १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना तो त्यांना दिला. स्मट्स यांनी तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास परत पाठवला. पंचवीस वर्षांनी परत पाठवण्याजोगा राहिला, हे मला त्यातल्या मोठेपणाइतकेच महत्त्वाचे वाटते! पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. आपोआप मेलेल्या जनावरांचीच कातडी तिथे साल-हिरड्याने कमावीत. ब्राह्मण घरातली पोरेही त्या कुंड्यांत हात घालू लागली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आता शेवटी पैशाचे. एक हिशेब करून पाहू. आकडे मी उदाहरणाला घेतले आहेत, तुमच्या बाजारचे भाव घालून तुम्ही तो पुन्हा करा. समजा, ३०० रुपयांचा जोड चार महिने टिकतो. वर्षाला तीन जोड, म्हणजे ९०० रुपये. तीन वर्षांत २७०० रुपये. दुसरा जोड १२०० रुपयांचा. तीन वर्षांत दोनदा तळ बदलला, दरवेळी २०० रुपये, म्हणजे सगळे मिळून १६०० रुपये. ११०० रुपये वाचले. वर्गातला पोरगाही सांगेल की दुसरा जोड स्वस्त. पण मंडळी, पोराच्या बापाच्या खिशात जूनच्या पहिल्या आठवड्यात १२०० रुपये असतात का? बियाणे, खते, शाळेची पुस्तके, आणि त्यात १२०० ची वहाण? तो ३०० चीच घेतो आणि तीन वर्षांत ११०० रुपये जास्त भरतो. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी. बलुत्यात निदान एवढे होते की पैसे सुगीला द्यायचे होते. आजही काही गावांत ओळखीचा कारागीर दोन हप्त्यांत पैसे घेतो. मी म्हणेन, दुकानात भाव पाडण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्याच्याशी हप्ता ठरवा, आणि ठरला की तो वेळेवर द्या. भाव पाडायचाच असेल तर नक्षीचा पाडा, तळाचा पाडू नका. तळाचा भाव पाडलात तर त्याने तरी पुठ्ठा न घालून काय करावे?

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत केलेल्या चपलेलाच ते नाव लावता येते. दोन राज्यांचा सीमेवरून वाद चालू असताना चप्पल मात्र दोघांची ठरली! मग २०२५ च्या जूनमध्ये इटलीत मिलान शहरी प्राडा नावाच्या बड्या कंपनीने आपल्या प्रदर्शनात तशाच वहाणा दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. इकडे ओरड झाली, तेव्हा मूळ प्रेरणा आपल्याकडच्या कारागिरीची, असे कंपनीने मान्य केले. वर्तमानपत्रांत चार दिवस मोठी चर्चा झाली. त्या चर्चेत कातडे कमावणाऱ्या ढोरांचे नाव मला फारसे दिसले नाही. आज साल-हिरड्याने कमावणारी घरे कमी होत चालली आहेत, पोरे कारखान्यांत जातात, आणि त्यांनी जाऊ नये असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या कामाला गावाने नाक धरले, ते काम त्यांनी जन्मभर करावे अशी अपेक्षा कोणी करायची?

परवा मी पुन्हा पिंपळाखाली गेलो होतो. पुठ्ठ्याच्या बुटानंतर त्या म्हाताऱ्या कारागिरांकडूनच मी कापशी करून घेतली होती. तिला आता सहावे वर्ष चालू आहे, तळ एकदा बदलला आहे. या वेळी टाच कलली होती. त्यांनी वहाण हातात फिरवून पाहिली, दोन जागी आरीने टोचून पाहिले आणि म्हणाले, "पुढल्या बाजारी नगं, त्याच्या पुढल्या बाजारी या, मास्तर. तळाचं कातडं अजून मुरतंय."